चाळिसाला हातचा

दहा गणितं, सात चूक. पेपरवर लाल पेनाच्या सात फुल्या होत्या आणि खाली त्याच पेनानं लिहिलं होतं, 'सराव कमी.'

पेपर पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. तिचं गाव नरडाण्यापासून सात-आठ किलोमीटर आत. धुळ्यातल्या आम्ही चार मैत्रिणींनी शिंदखेडा तालुक्यातली चार गावं वाटून घेतली होती. शाळा सुटल्यावर दोन तास पाचवीच्या मुलांचं गणित घ्यायचं, एवढंच काम. हे गाव माझ्या वाट्याला आलं. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं मिळेल त्या रिक्षात बसायचं. मानधन काही नव्हतं, आणि ते नाही याचा आम्हाला जरा जास्तच अभिमान होता.

त्या फुल्यांचा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात कळला. गावची शाळा पाचवीपर्यंत. पुढची शाळा फाट्यावर. मुलगे सायकलीनं जातात. मुलींच्या बाबतीत घरचे 'पाहू' म्हणतात, आणि पाहता पाहता दोन वर्षं निघून जातात. एकच वाट उघडी होती, तालुक्याच्या मुलींच्या निवासी शाळेची. तिथं प्रवेशासाठी चाचणी असते आणि त्या चाचणीसाठी गावच्या शाळेनं अर्ज पाठवावा लागतो. आमच्या शाळेतून दर वर्षी पाच अर्ज जात. त्या पाच जणी ठरवायला मुख्याध्यापकांनी दशांश अपूर्णांकांचा दहा गुणांचा पेपर घेतला होता. पाचव्या नंबरच्या मुलीला चार गुण मिळाले, हिला तीन. सहावा नंबर म्हणजे घरी बसणं. शिंदखेड्याच्या शाळेत जाणं किंवा कांद्याच्या वाफ्यात बसणं, यांत एका गुणाचं अंतर होतं, आणि ते अंतर कुणालाच टोचत नव्हतं.

मला टोचलं. मी ज्या घरात वाढले तिथं पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील धुळ्याच्या तेलगिरणीत कामाला आणि कामगारांच्या संघटनेत. पलंगाखाली गठ्ठे असत. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदावर एका बाजूला मागण्या, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी बेरीज-वजाबाकी शिकले आणि छापील बाजूवर वाचायला. 'का?' हा शब्द मी आधी पत्रकातच पाहिला, मथळ्यात, दोन उद्गारचिन्हं लावून. त्यामुळं कुठं काही खटकलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो. हा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

पेपर घेऊन मी रिक्षात बसले आणि चुका वाचू लागले. पहिलं गणित: १.२० अधिक १.२०. तिनं उत्तर लिहिलं होतं ३.००. दुसरं: २.२५ अधिक १.१५, उत्तर ४.००. तिसरं: ३.०० वजा ०.१०, उत्तर २.३०. वाटलं, हातचा घेताना गोंधळ होतोय. मग पुढं वाचलं. ०.५ गुणिले ८, उत्तर १. आणि २.५ व २.१५ यांतला मोठा कोण, तर २.१५. 'साडेतीन दशांशात लिहा' यापुढं ३.२०. शेवटचं तर कहर होतं. ०.२५ व्यवहारी अपूर्णांकात लिहा. वर्गातल्या बाकीच्यांनी एक छेद चार लिहिलं होतं किंवा जागा कोरी सोडली होती. हिनं लिहिलं होतं, पाच छेद आठ.

पाच छेद आठ चुकून येत नाही. ज्याला काही येत नाही तो असं उत्तर लिहीत नाही. कुठल्या तरी मोठ्या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्याशिवाय पाच छेद आठ हाती लागत नाही. रिक्षावाल्यानं फाट्यावर दोनदा हाक मारली तेव्हा मी उतरले.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला जवळ बसवून विचारलं, "साडेतीन तू तीन टिंब वीस का लिहिलंस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटावी. "मग काय लिहू ताई? साडेतीन म्हंजे तीन आन वीस."

"वीस काय?"

"गुंठे."

मागून मुलगे फिदीफिदी हसले. एकानं लगेच नावही ठेवलं, "ये गुंठा!" पुढं पंधरा दिवस ते तिला त्याच नावानं हाक मारत होते आणि ती प्रत्येकाला मागं वळून एक धपाटा देत होती.

मी मात्र पेपर पुन्हा पसरला. एकरात गुंठे चाळीस. एक एकर वीस गुंठे आणि एक एकर वीस गुंठे म्हणजे तीन एकर. बरोबर. दोन एकर पंचवीस आणि एक एकर पंधरा म्हणजे चार एकर. बरोबर. तीन एकरांतून दहा गुंठे गेले तर दोन एकर तीस गुंठे. पाच गुंठे आठ वेळा म्हणजे एक एकर. पंधरा गुंठे पाचापेक्षा मोठे. आणि पंचवीस गुंठे म्हणजे एकराचे चाळीसातले पंचवीस, म्हणजेच पाच छेद आठ. सातच्या सात उत्तरं बरोबर होती. ज्या तीन गणितांना गुण मिळाले होते ती अशी होती की हातचा दहाला घ्या नाही तर चाळिसाला, उत्तर तेच येतं.

ती कुठं शिकली हे शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची आई गावातल्या दहा बायांच्या टोळीची मुकादम. कांदा लागवड, निंदणी, असं काम उक्तं घ्यायचं, म्हणजे रोजानं नाही, एकरावर. कुठल्या वावरात आज किती लागवड झाली हे संध्याकाळी मोजावं लागतं. आईजवळ तेहतीस फुटांची दोरी. दोरीइतक्या लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा. आई दोरी टाकायची आणि सुट्टीच्या दिवशी ही वहीत लिहायची. एक एकर वीस गुंठे लिहायला जागा कशाला घालवायची? १.२०. त्या पट्ट्यातल्या सगळ्या मुकादमांच्या वह्यांत असंच लिहितात. शाळेत दशांश चिन्ह शिकवण्याआधी दोन वर्षं ही मुलगी ते टिंब वापरत होती. शाळेनं तेच टिंब पुढं केलं आणि त्याचा अर्थ बदललाय हे सांगायचं राहून गेलं.

मी तावातावानं मुख्याध्यापकांकडं गेले. साठीकडं झुकलेले गृहस्थ, दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळणारे, खिशात कायम दोन पेनं, एक लाल. मी एकेक उत्तर उलगडून दाखवलं. त्यांनी ऐकलं, हे मान्य करते.

मग म्हणाले, "ताई, माझं गाव पाचोऱ्याकडचं. वडिलांची शेती होती. गुंठे मला शिकवू नका."

"शिकवत नाही सर. तिला गणित येतं एवढंच सांगतेय."

"येतं ना. वावरातलं येतं. चाचणीचा पेपर तपासणाऱ्याला काय माहीत तुमचे गुंठे? तो फुली मारणार. मग मी आज मारली तर काय बिघडलं?"

"बिघडलं ते हे, की तुमच्या फुलीखाली 'सराव कमी' लिहिलंय. तिचा सराव वर्गात सगळ्यांत जास्त आहे."

"पाच नावं ठरलीत. शनिवारी अर्ज भरायचे, सोमवारी तालुक्याला जायचे. आता चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत, मांडीवर वही ठेवून, फाटा ते धुळे एवढ्या अंतरात मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'मुलगी नापास नाही, टिंब नापास!' खाली सातही उत्तरं, दोन्ही रीतींनी. मग गावातल्या पालकांना आवाहन. शेवटी तीन मागण्या. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण ज्या बाईचं भांडण आहे तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लवकर निघून मी वावरात गेले. दहा बाया ओळीनं वाफ्यात बसून कांद्याची रोपं लावत होत्या. साडीवर जुने शर्ट, डोक्याला रुमाल. मुकादम बाईला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले होते. बांधावर बसून मी तिला पत्रक वाचून दाखवलं. मोठ्यानं, जसं वाचायला हवं तसं. दोन बायांनी मान वर करून ऐकलं.

अक्कानं हाताचा चिखल झटकला. "हाई वाचीसन मनी आंडेर पास व्हई का?"

आंडेर म्हणजे मुलगी. पास होईल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "पास नाही अक्का, पण अन्याय तर—"

"मंग कसाले? तू धुळाले निंघी जाशी. गुरुजी आठेच राही, आन मनी आंडेर बी आठेच राही."

आठे म्हणजे इथं. मला राग आला. मी म्हटलं, "मग गप्प बसायचं का?"

"गप्प कोन बसनं?" ती म्हणाली. "तुन्ही शाळाना टिंब कसा शे, हाई तिले सांग ना पहिले. तू शिकाडाले येस ना?"

खरं होतं. दोन दिवस मी रागावण्यात घालवले होते आणि शिकवायला आलेली मी, शिकवायचं तेवढं सोडून बाकी सगळं केलं होतं.

त्या दुपारी मी आलेखाचा कागद काढला. शंभर चौकोन मोजून दाखवले. दहा चौकोनांची एक पट्टी, दहा पट्ट्यांचा एक पूर्ण. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण ताई, दहालाच हातचा का?"

"कारण माणसाला बोटं दहा. मोजणी तिथूनच आली."

"वावरले बोटं नसतस ना."

मागचा मुलगा म्हणाला, "गुंठा, गप ना!" तिनं त्याला धपाटा दिला आणि पुन्हा माझ्याकडं वळली. तिला दहा मान्य नव्हते असं नाही. शंभरापर्यंत ती झरझर मोजायची. पण एक अख्खा तुकडा शंभर भागांचा असतो हे तिनं कुठं पाहिलं नव्हतं. कागदावरचे चौकोन मी काढलेले होते, म्हणून ते माझे होते. तिच्या दृष्टीनं मी एक खेळ मांडला होता आणि त्या खेळात तिनं हरावं अशी माझी इच्छा होती.

सुटका अक्कानंच केली. संध्याकाळी मुलीला न्यायला ती शाळेच्या ओट्यावर आली आणि माझी तक्रार ऐकून घेतल्यावर कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. ज्या शेतमालकाचं काम चालू होतं त्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स.

"मालक सांगस एक एकर," ती म्हणाली, "आन कागद काय सांगस? देख."

क्षेत्राच्या रकान्यात ०.४८ होतं. शून्य हेक्टर, अठ्ठेचाळीस आर. आर म्हणजे जवळजवळ गुंठाच, जराशानं कमी. म्हणजे तो तुकडा एक एकर नव्हता, एक एकर सात गुंठ्यांच्या वर होता. लागवड करायची सात गुंठे जास्त आणि नाव एकराचं. म्हणून अक्का काम घेण्याआधी सातबारा मागायची. बोलायचं एकर-गुंठ्यात आणि कागद हेक्टर-आरमध्ये, हे आमच्याकडं इतकं अंगवळणी पडलंय की यात दोन वेगळी गणितं आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अक्का मुलीला म्हणाली, "आठे चाळीसले हातचा नही. आठे शंभर आर व्हवाले जोयजे, तव्हय एक हेक्टर."

मुलगी कागदाकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून सगळा पेपर सोडवायला लागली. १.२० अधिक १.२०, दोन चाळीस. ३.०० वजा ०.१०, दोन नव्वद. ०.२५, शंभरातले पंचवीस, एक छेद चार. एका ठिकाणी थांबली. "ताई, आन ०.५?"

"तूच सांग."

"पाच आर नही?"

"पाच आर ०.०५ असे लिहितात. सातबाऱ्यावर बघ, दोन घरं आहेत. पहिलं घर दहा-दहा आरचं."

"म्हंजे ०.५ पन्नास आर. आर्धा हेक्टर." ती एकदम हसली. "म्हंजे २.५ मोठा आन २.१५ लहान! बठ्ठंच उलटं शे!"

त्या क्षणापासून तिच्यासाठी टिंबं दोन झाली. वहीचं टिंब आणि सातबाऱ्याचं टिंब. पुस्तकातलं टिंब सातबाऱ्याचं. मी अख्खी दुपार धडपडून जे देऊ शकले नाही ते एका झेरॉक्सनं पाच मिनिटांत दिलं. पुढचे तीन दिवस आम्ही फक्त भागाकार केले. ती थकायची नाही.

शनिवारी सकाळची शाळा होती, म्हणून मीही पहिल्या एसटीनं आले होते. साडेसातला प्रार्थना झाली आणि मुख्याध्यापक अर्ज भरायला टेबलावर बसले, तेव्हा दारात अक्का उभी. तिच्या मागं नऊ बाया. सगळ्या कामाच्या वेशात, हातात डबे. लागवडीला न्यायला येणारी पिकअप गाडी शाळेच्या कोपऱ्यावरच थांबते.

"काय अक्का, मोर्चा का?" मुख्याध्यापकांनी विचारलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी खरंच काही केलं नव्हतं. पत्रक माझ्या पिशवीतच होतं.

"मोर्चा कसाना गुरुजी. एक गणित इचारानं व्हतं."

"विचारा."

"साडेतीन एकर वावर. दहा बाया. एक बाईना वाटाले कितलं?"

मुख्याध्यापक हसले. वर्ग बघत होता म्हणून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ३.५ भागिले १०. खाली उत्तर, ०.३५. "शून्य पूर्णांक पस्तीस."

"पस्तीस?" अक्का मागं वळली. "ऐकं का वं? एक-एक बाईले पस्तीस गुंठा! दहा जनीस्ना साडेतीनशे!"

मागून एकीनं हिशेब पूर्ण केला. "पावणेनऊ एकर व्हयनं!"

"वावर साडेतीन आन काम पावणेनऊ! कोन मालक शे हाऊ, गुरुजी?"

बाया हसायला लागल्या. मुलं हसली. मुख्याध्यापकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गुंठे नाही हो अक्का. शून्य पूर्णांक पस्तीस शतांश एकर. म्हणजे एका एकराचे शंभर भाग केले तर त्यातले—"

"एकरना शंभर भाग कोन करस? आमले सांगा गुंठा कितला."

त्यांनी पुन्हा खडू धरला. पस्तीस गुणिले चाळीस, भागिले शंभर. "चौदा."

"मंग बरोबर शे," अक्का म्हणाली. "चौदाच शे."

कुणीच चुकलं नव्हतं. फळ्यावर ०.३५ बरोबर होतं आणि चौदा बरोबर होतं. पण पाच मिनिटांपूर्वी त्या खोलीत एकच टिंब खरं होतं आणि आता दोन होती, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सर, तिचा पेपर पुन्हा घ्या. तुमच्या टिंबानं. आत्ता, इथं. एक जरी चुकलं तरी मी पुन्हा या विषयावर येणार नाही."

"अर्ज आज भरायचेत."

"म्हणून तर आत्ता."

त्यांनी नवीन दहा गणितं फळ्यावर लिहिली. सोपी नव्हती, मुद्दाम लिहिली होती. मुलगी एकटी समोर बसली. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलांना वाचन दिलं होतं पण वाचत कुणीच नव्हतं. ती नऊ गणितं भराभर करून गेली. दहावं शब्दांत होतं, पुस्तकातून उचललेलं. एका शेतकऱ्याकडे ४.५ एकर शेत आहे. त्यापैकी १.७५ एकरात कापूस लावला. किती शेत उरले? इथं तिनं पेन्सिल थांबवली. वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मग लिहिलं.

मुख्याध्यापक तपासत गेले. नऊ वेळा बरोबरची खूण. दहाव्यावर लाल पेन थांबलं. तिनं लिहिलं होतं, 'दोन एकर तीस गुंठे.'

"बघा," ते मला म्हणाले. आवाजात विजय नव्हता, थोडं वाईटच वाटलं असावं. "पुन्हा तेच. उत्तर दोन पूर्णांक पंचाहत्तर आहे."

मी बोलायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. घरच्या बोलीत नाही, शाळेच्या भाषेत, एकेक शब्द ठेवत. "सर, गणितात एकर लिहिलंय. टिंब सातबाऱ्याचं आहे, म्हणून मी सातबाऱ्यासारखी वजाबाकी केली. दोन टिंब पंचाहत्तर आलं. पण एकर असेल तर सांगताना गुंठे सांगतात. शंभरातले पंचाहत्तर म्हणजे चाळिसातले तीस."

तिनं कागद उलटा केला. मागं, कोपऱ्यात, बारीक अक्षरात वजाबाकी केलेली होती. २.७५. खाली पंचाहत्तर गुणिले चाळीस.

"मग २.७५ उत्तर का नाही लिहिलंस?"

"ते कोणाला कळणार सर, वावरात?"

"चाचणीत २.७५ लिहावं लागेल."

"चाचणीत लिहीन," ती म्हणाली. "पण हे चूक नाही."

अकरा वर्षांची मुलगी, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर, हात मागं बांधून. मी कित्येक घोषणा ऐकल्या आहेत आणि दिल्या आहेत. 'हे चूक नाही' एवढ्या सरळ आवाजात म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी त्याच लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वर लिहिलं, दहापैकी दहा. मग पेन खाली ठेवलं. "पण नावं पाचच जातात. हिला घालायचं तर कुणाला काढू? चार गुणांच्या पोरीला? तिनं काय केलंय?"

हा प्रश्न खरा होता आणि मी त्याचा विचारच केला नव्हता. ती दुसरी मुलगी तिसऱ्या रांगेत बसून आमच्याकडं डोळे मोठे करून बघत होती.

"पाचच का?" अक्कानं विचारलं.

"दर वर्षी पाचच जातात."

"कोनी सांगं?"

मी म्हटलं, "सर, परिपत्रक दाखवता?" छापलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही एकच शिस्त मला घरून मिळाली आहे. त्यांनी कपाटातून फाईल काढली. दोन पानांचं परिपत्रक होतं. मी मोठ्यानं वाचलं. वयाची अट होती, उत्पन्नाची होती, 'पात्र विद्यार्थिनींचे अर्ज' असं दोनदा होतं. संख्या कुठंही नव्हती. मुख्याध्यापकांनी ते माझ्या हातून घेऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग सावकाश म्हणाले, "पहिल्या वर्षी पाकिटात फॉर्म पाच आले होते."

एवढंच. पाच फॉर्म आले म्हणून पाच मुली. कुणी कट केला नव्हता, कुणी लाच खाल्ली नव्हती. फक्त कुणी विचारलं नव्हतं. मला वाटतं, आमच्याकडचे बरेचसे दरवाजे याच कारणानं बंद आहेत, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते. कुलूप असतं तर निदान तोडता आलं असतं.

मी फाट्यावर जाऊन फॉर्मच्या झेरॉक्स आणायला निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पाचव्या फॉर्मकडं बघत सहावा स्वतःच्या हातानं कोऱ्या कागदावर आखायला घेतला. पट्टी लावून, एकेक रकाना. तो अर्ज गेला. कुणी परत केला नाही. मुलगी चाचणीत निवडली गेली आणि जूनपासून त्या निवासी शाळेत आहे, हे इथंच सांगून टाकते, कारण मला त्या सकाळचं अजून थोडं सांगायचं आहे.

अर्ज भरून झाला तरी बाया हलल्या नाहीत. त्यांच्यात सगळ्यांत लहान एकोणीस-वीस वर्षांची होती, मोठ्या भावाचा चौकड्यांचा शर्ट घातलेली. ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. याच शाळेत, याच सरांकडं ती पाचवी शिकली होती. त्यानंतर शिकली नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "माले बी तुम्ही चूक देयेल व्हती. साडेतीनलेच."

मुख्याध्यापक आखायची पट्टी हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. "कधी गं?"

"पाचवीले. मना पेपर शे का आजून?"

"आठ-नऊ वर्षं झाली. कधीच रद्दीत गेला असेल."

"तपासाना व्हता म्हनीसन," ती म्हणाली. तपासायचा होता म्हणून, एवढंच.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. अक्कानं डबा उचलला, तशा बाकीच्याही उचलू लागल्या. पण ती जागची हलली नाही. तिनं मुलीच्या हातातली पेन्सिल मागून घेतली, माझ्याकडं एक कोरा कागद मागितला. माझ्या पिशवीत वरच पत्रक होतं, त्याची मागची बाजू कोरी होती, तेच दिलं. आणि फळ्यासमोर जमिनीवर मांडी घालून ती पहिल्या गणितापासून सुरू झाली.

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. गाडीवाला ओरडला, "अक्का, रोपं सुकी राहिनी ना!"

अक्कानं डबा पुन्हा खाली ठेवला. "थांब रे भाऊ," ती दारातून ओरडली, "आमनी एक पोर परीक्षाले बसेल शे." आणि दाराला टेकून खाली बसली. मग एकेक करून बाकीच्या बसल्या. मुख्याध्यापकांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि ते हातात धरून थांबले. हॉर्न वाजत राहिला. दहावं गणित होईपर्यंत एकही बाई उठली नाही.